ढब्बूसाठी घरगुती फवारा

४ मे
ढब्बू सकाळपासून पाण्यावर तोंड काढून आ वासतोय. ढब्बू म्हणजे लेकीचा गोल्डफिश. हॉस्टेलला जाताना तिने तो माझ्या स्वाधीन केला. हिच्या, म्हणजे तिच्या आईच्या नाही, माझ्या. आता सुट्टीला घरी येतेय. तोवर त्याचं काही बरंवाईट झालं, तर मला तोंड दाखवायला जागा नाही.
लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, टाकीतलं पाणी दोन बोटं कमी करा, फिल्टरची धार वरून पडेल, हवा मिसळेल, झालं. मी म्हटलं, बघतो. मासा गुदमरतोय आणि लेक म्हणते पाणी कमी करा! पोरबुद्धी.

५ मे
फिशटँकच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, स्प्रे बार लावा. म्हणजे भोकं पाडलेली नळी. फिल्टरचं पाणी तिच्यातून फवारतं, वरचं पाणी हलतं राहतं. तयार आहे, देऊ का? हसूच आलं. उभी हयात पाणीपुरवठा खात्यात गेली, आणि मी नळी विकत घेऊ? दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. त्यामुळे आता माघार नाही.
(खात्यात मी तक्रारी नोंदवतो. पण पाण्याच्याच.)

६ मे
खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडून ड्रिल आणलं. कशाला हवंय, म्हणाले. म्हटलं, प्रयोग आहे. नळीला सुंदर भोकं पडली. जेवणाच्या टेबलालाही एक पडलं. त्यावर पाण्याचा जग ठेवलाय.

७ मे, सकाळ
नळी जोडली. सगळं पाणी टोकातून भळभळा बाहेर. भोकं कोरडी ठणठणीत. टोक बंद करायचं राहिलं होतं. पण विचार केला तर, आमच्या खात्यात शेवटच्या नळाला पाणी पोचत नाही. इथे फक्त शेवटालाच पोचलं. म्हणजे माझं डिझाइन खात्याच्या पुढचं आहे.
संध्याकाळ
टोक एम-सीलने बुजवलं. आता भोकांतून नुसती लाळ गळतेय. भोकं फार झाली. उद्या नवीन नळी, तापवलेल्या सुईने बारीक भोकं. ही म्हणाली, अहो, लेक काय म्हणाली ते करून तरी बघा. बायकांना जोर हा विषय कळत नाही.

९ मे
जोर आला! असा आला की ढब्बू फेकला जाऊन कोपऱ्यात अडकला. बाहेर निघायला जातो आणि परत ढकलला जातो. ही म्हणाली, माशाला कोंडलंत. म्हटलं, व्यायाम आहे.
शिवाय नळी काचेला धरून ठेवणारे रबर सुटतात आणि नळी फिरते. म्हणून रजा टाकली आणि हाताने धरून बसलो. सोडली की छताकडे कारंजं. फोन वाजला, उचलता येईना. कोणी बेल वाजवली, उठता येईना. तो काचेच्या आत, मी बाहेर, दोघे एकमेकांकडे बघत. ही कामावरून येईपर्यंत हाताची बोटं सुरकुतली होती.

११ मे
नळी सुतळीने बांधून ऑफिसला गेलो. टेबलावर पहिलीच तक्रार: छत गळते, खात्याची पाइपलाइन फुटली असावी. पत्ता आमच्याच इमारतीचा. तक्रारदार, खालचे वकील.
शेरा लिहिला: 'पाहणी केली. खात्याच्या पाइपमध्ये गळती नाही.' दुसऱ्या वाक्यात एक अक्षर खोटं नाही.
घरी येऊन पाहिलं, तर एक धार काचेवरून थेट भिंतीवर. भिंतीचा खालचा भाग ओला. सुतळी आणखी आवळली.

१२ मे
वकील थेट साहेबांना भेटले. साहेब म्हणाले, पाहणी तुम्ही केलीत ना, मग उद्या मलाही दाखवा. इमारत कुठे आहे? म्हटलं, माझ्या घराच्या जवळ.
ढब्बू अजून कोपऱ्यातच. खात नाही. कालपासून हललाही नाही. खरंच भीती वाटतेय. फवारा बंद करावा असं मनात आलं. पण हिच्यासमोर कसा करणार?

१३ मे
साहेब, वकील आणि मी, माझ्याच जिन्यावर. दार हिने उघडलं. मला वाटलं काहीतरी सांभाळून घेईल. तिने सरळ टाकीकडे बोट दाखवलं.
सुतळी सुटून, फिल्टरपासून निसटून नळी जमिनीवर पडली होती. त्याआधी भरपूर पाणी भिंतीवर उडवून मोकळी झाली होती. साहेब म्हणाले, गळती सापडली, कारण ग्राहकाचा निष्काळजीपणा, लिहा. लिहिलं. ते माझंच काम.
वकिलांचं छत मी रंगवून द्यायचं ठरलं. त्यांनी ड्रिलही परत मागितलं.

१४ मे
लेक आली. बॅग टाकली ती सरळ टाकीपाशी. कालपासून टाकीत बघायचा धीर झाला नव्हता; मी डोळे मिटून घेतले.
ढब्बू मजेत फिरत होता! पाणी कमी झालेलं, फिल्टरची धार वरून पडतेय, बुडबुडे येतायत, आणि हा त्यांच्याखाली गिरक्या घेतोय. लेकीने बोटं लावून पाहिलं. बरोबर दोन बोटं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, बाबा, आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंत. गळ्यात पडली.
'हो' म्हणालो. ही दारात पोछा घेऊन माझ्याकडे बघत होती.
तेवढ्यात लेकीला खुर्चीवर ती नळी दिसली. हे काय, म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, बाबांनी मोजे वाळत घालायला केलंय.
आत जाऊन मोजे धुतले. वाळत घातले.