बाबांच्या नावाचा सॅलमँडर

प्रिय नॅडीन,

परवा तुझा फोन आला तेव्हा घेवड्याच्या शेंगा मोडायच्या राहिल्यात असं सांगून मी लवकर ठेवला. शेंगा कधीच मोडून झाल्या होत्या. तू इतकी आनंदात होतीस! आपल्या गुहेतल्या सॅलमँडरला बाबांचं नाव मिळणार, हे नॅशव्हिलच्या अख्ख्या ऑफिसला सांगून बसलीस. तेव्हा माझी जीभ रेटेना.

डुईकाका तर रोज चिडवतात. रविवारी चर्चबाहेर सगळ्यांदेखत म्हणाले, “वहिनी, दादाच्या नावानं हयातभर साधा रस्ता निघाला नाही, आता पाल निघणार म्हणे.” मी म्हटलं, “पाल नव्हे ती, भाऊजी. आणि तुमच्या नावानं तर डाससुद्धा निघायचा नाही.” सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

बाबा तुला गुहेतल्या डोहाशी न्यायचे, आठवतं? दुधाचे कॅन गार करायला ठेवायचो त्याच्याही आत, वाकून जावं लागतं तिथे. तो पांढुरका, वीतभर प्राणी, कातडीखाली झाकलेले डोळे, गळ्याशी लाल पिसांसारखे कल्ले. शेपटीला खाच असलेला एक तर आपल्या ओळखीचाच झाला होता. बाबा पाण्यात हात सोडून हलायचे नाहीत, आणि तो हळूहळू येऊन त्यांच्या बोटांना टेकायचा. तू धरायला गेलीस की दटावायचे, “तो इथला मालक आहे, आपण भाडेकरू. मालकाला धरायचं नसतं.”

कोट्सबाई विद्यापीठातून आल्या त्या बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. भली बाई. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून स्वयंपाकघरात यायच्या, मक्याचा पाव मागून घ्यायच्या. ही जात अजून कुणी नोंदलेलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. मीही ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचत गेले. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, “मावशी, नुसत्या फोटोवर आमचं भागत नाही. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक प्राणी संग्रहालयात ठेवावा लागतो. स्पिरिटच्या बरणीत.” मी पाव कापत राहिले. मग म्हणाल्या, “नाव मात्र तुम्ही सुचवा.”

त्याच सुमारास कबरी सजवायचा रविवार आला. मी फुलं घेऊन टेकडीवर गेले. तुझ्या पणजोबांचा दगड पार झिजलाय. बोटानं चाचपलं तरी अक्षर लागत नाही. बाबांचा दगडही त्याच खाणीतला आहे. वाटलं, पुस्तकात छापलेलं नाव तरी पावसानं जाणार नाही. खाली उतरले आणि कोट्सबाईंना होकार कळवला.

त्यांच्या जाळीत काही येईना. माणसं डोहाशी गेली, पाणी जरा हललं, की सगळे प्राणी कपारीत. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही सगळे बाहेर थांबा. दिवा कडेला ठेवला आणि बाबांसारखा हात पाण्यात सोडला. बोटं बधिर झाली, तरी काढला नाही. मग ते टेकणं जाणवलं, इतकं हलकं की आधी खरंच वाटेना. शेपटीची खाच मला दिसली, नॅडीन. दिसली, आणि मी मूठ मिटली.

काल छापायला जाण्याआधीचा लेख आला. बाबांचं ‘एस्टल’ बरोबर लिहिलंय का, एवढंच मी बघायचं होतं. बरोबर होतं. वरती बरणीचा फोटो, त्यात तो वळून पडलेला, आणि खाली तुझ्या बाबांचं नाव. मी कोट्सबाईंना फोन करून ते काढायला सांगितलं. आपल्या ओढ्याचं नाव द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, “मावशी, त्यानं प्राणी काही परत यायचा नाही.” ते मला कळतं. पण जे बाबांनी आयुष्यभर होऊ दिलं नाही, ते त्यांच्या नावावर कसं खपवू? तुला आता ऑफिसात शब्द फिरवावा लागेल. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले. कुणी विचारलंच तर सांग, तो प्राणी आईनं पकडला. बाबांनी नाही.

रागावलीस तरी तुझीच,
आई