शनिवारी सकाळी नऊची पालकसभा

बाई, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांनी मला तुमच्याशी भांडायचंय म्हणून मी आज ही वही काढून बसले आहे. रविवारची दुपार आहे, घरातले सगळे जेवून लवंडलेत. भांडण तुमच्या त्या पालकसभेवरून आहे. मीही आता तुमच्यासारखीच बाई झाले, फक्त पोरं मला मॅडम म्हणतात. शाळाही फार लांब नाही, आपल्याच भागात आहे.

चौथीत होते मी. स्कॉलरशिपच्या जादा वर्गाला तुम्ही मोजकीच मुलं घ्यायचात आणि तुमचा नियम सरळ होता. शनिवारी सकाळी नऊला ज्याचे आई किंवा वडील सभेला येतील, त्याचंच नाव यादीत. ज्यांना पोरांच्या शिक्षणाची काळजी आहे ते वेळ काढतात, असं तुम्ही म्हणायचात. मला तेव्हा ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीत बायका बिड्या वळायच्या, आणि वळलेल्या बिड्या सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कारखान्याच्या ब्रँचमध्ये नेऊन द्याव्या लागायच्या. तिथला तपासनीस एकेक बंडल सोडून बघायचा, वाईट निघतील त्या बाजूला टाकायचा. मग पुढच्या दिवसाची पानं आणि तंबाखू. ज्या दिवशी माल दिला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी हात रिकामे. ही गोष्ट गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. तुम्हाला ठाऊक नव्हती, कारण तुम्ही गल्लीपासून लांब, रेल्वे लाइन्सच्या वस्तीतून यायचात आणि तुम्हाला सांगणारं कोणी नव्हतं.

माझी अम्मा सभेला आली. का आली ते बघा. आमच्या घरात दोन बायका होत्या, अम्मा आणि माझी विधवा आत्या. आत्या त्या दिवशी दोघींचा माल घेऊन ब्रँचला गेली, म्हणून अम्मा ठेवणीतलं लुगडं नेसून तुमच्यासमोर बाकावर बसू शकली. तुम्ही काय बोललात ते तिला निम्मंही कळलं नाही, आमच्या घरात सगळं तेलुगू. शेवटी तुम्ही तिला विचारलंत, मुलीकडून घरी अभ्यास करून घेता ना? ती म्हणाली, "मी काय सांगू बाई, तुमीच बघा की." तुम्ही हसलात आणि माझं नाव लिहिलंत. माझ्या बाकावर बसणारी मुलगी, माझी मैत्रीण, तिच्या घरात मात्र बाई एकच. तिची आई आली नाही. तिचं नाव गेलं.

आता मला नवल वाटतं ते याचंच. हुशार ती होती. पंचवीसचा पाढा आम्हा सगळ्याच पोरींना यायचा, कारण बिडीचं बंडल पंचविसाचं, पण ती त्यात भागाकार करायची, उरलेल्या बिड्या किती ते पाटीवर न लिहिता सांगायची. अपूर्णांक मला तिनेच शिकवले, त्यांच्या चुलीपुढे, तिची आई मांडीवर सूप घेऊन पानं कापत असताना. तुम्ही मला पुढे शब्दकोश दिलात, त्यावर आपल्या हातानं लिहिलंत, मराठी नीट बोलायला शीक. वर्गात तेलुगू शब्द तोंडातून गेला की तुम्ही रागवायचात, त्याचा मला तेव्हा राग यायचा, आज मात्र येत नाही, त्या शब्दकोशावर मी माझी नोकरी मिळवली. तिला तो शब्दकोश मिळाला असता तर ती कुठे असती? मी खरंच बसून विचार करते हो, कागदावर रेघा मारून. एका घरात एक बाई जास्त होती, एवढ्यावरून एक पोर डी.एड. झाली आणि दुसरी सातवीनंतर सूप घेऊन बसली. बाकी कारणंही असतील. पण पहिला सांधा तिथेच बदलला, हे मला कुणी नाही म्हणून दाखवावं.

गंमत म्हणजे उलटंही बघते आहे. माझ्या लेकीला वेगळी खोली आहे, टेबल आहे, दोन क्लास आहेत, आणि महाराणीला अपूर्णांक अजून येत नाहीत. तरी ती मागे पडणार नाही, मला माहीत आहे. तिच्यासाठी मी शाळेत जाऊन पाच वेळा विचारीन, कुणाला भेटायचं ते मला कळतं. ती मैत्रीण मागे नवी पेठेत भेटली, नातीला फ्रॉक घेत होती. दुकानदार कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत तिनं आकडा सांगून टाकला. मला म्हणाली, "तू लई शिकलीस की गं." 

तर भांडण. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, मी जादा वर्गाची सभा घेतली, सकाळी नऊला. शाळेत तीच वेळ चालत आली आहे, मीही कधी बदलली नाही. पाचवीच्या एका मुलीची आई आली नाही आणि मी, मी बाई, त्याच गल्लीत वाढलेली, तिच्या नावावर काट मारली. मनात म्हणाले सुद्धा, यांना काही पडलेलंच नसतं. सोमवारी यादी वाचली. तर मागच्या बाकावरची एक पोर उभी राहिली. यादीत रिकामी झालेली जागा तिलाच मिळाली होती. ती म्हणाली, "मॅडम, हिची आई सकाळी बिड्या द्यायला जाती. न्हाय गेली तर उद्याची पानं मिळत न्हाईत. माझ्या जागी हिला घ्या."

मी यादी परत हातात घेतली. दोघींना घेतलं, आणि पुढची सभा दुपारी चारला ठेवली. वरच्यांनी कुरकुर केली, करू देत. पण तेव्हापासून मी त्या पोरीकडे सारखी बघते. दहा-अकरा वर्षांची, फ्रॉकचं बटण तुटलेलं. हे हिला कुठून सुचलं, याचा शोध मला लागत नाही.

म्हणून तुमच्याशी भांडायला बसले होते, बाई, आणि भांडणच होईना. हे पत्र कुठे पाठवायचं तेही नाही, वहीतच राहील. चौथीतल्या त्या सभेनंतरच्या सोमवारी तुम्ही यादी वाचून झाल्यावर चष्मा काढून विचारलं होतंत, कुणाला काही सांगायचंय का? मैत्रीण माझ्या शेजारीच बसली होती, खाली मान घालून. तिची आई का आली नाही, हे सगळ्या वर्गात मला पक्कं माहीत होतं. मी गप्प बसले. ती नसली तर पहिली मी येईन, असं माझ्या मनात आलं होतं. आणि आले.