काकांनी फोन मागितला होता

११ नोव्हेंबर, मंगळवार

परत हरले. आणि तेही अभ्यासिकेत बसून! समोर राज्यघटनेचं जाडं पुस्तक उघडं, त्याच्या मधोमध फोन आडवा. शेजारची मुलगी सरकून बसली — मला पुस्तक नीट पसरता यावं म्हणून. तिला वाटलं मी वाचतेय.

ऑगस्टपर्यंत बॅकगॅमन हे नावही ऐकलं नव्हतं. पूर्वपरीक्षा झाली, डोकं शिणलं होतं, ॲप दिसलं, घेतलं. पैसे लागत नाहीत, नुसते गुण मिळतात. म्हणून हा जुगार नाही, असं मी मला समजावते. पण फासे आहेतच. आणि सुटत नाही.

ह्याच खोलीत गेल्या वर्षीपर्यंत चाळीतले म्हातारे पत्ते कुटायचे. खोली अभ्यासिकेला मिळावी म्हणून मजल्या-मजल्यावर सह्या गोळा करणारी कोण? मी! कमिटीसमोर भाषणही ठोकलं — "आपल्या आजोबांनी गिरणीत रक्त आटवलं, ते नातवंडांनी पत्त्यांच्या आवाजात शिकावं म्हणून का?" टाळ्या पडल्या. आईने पदर डोळ्यांना लावला. आज ते वाक्य आठवलं तरी कान तापतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ॲप काढून टाकलं. सुटले!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत घेतलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पकडले गेले!

जयवंतकाकांनी पकडलं. पत्तेवाल्यांपैकी हे एकटेच अजून खोलीत येतात. बाकीचे आपापल्या घरी टीव्हीसमोर गेले. काकांचं घर म्हणजे पुतण्याची खोली. पुतण्याला रात्रपाळी, तो दिवसभर झोपतो. त्यामुळे काका सकाळी चहा पिऊन बाहेर पडतात ते दिवेलागणीलाच आत. कमिटीने त्यांना दाराजवळचा बाक दिलाय — पेपर वाचायचा, बोलायचं नाही. न बोलण्याची अट माझीच.

आज बाकी कोणी नव्हतं. मी खेळात इतकी गुंतले होते की ते मागे येऊन उभे राहिलेले कळलंच नाही. फोन पुस्तकाखाली सारला.

"लपवतंस कित्याक गो? फासो दिसलो माका."

"काका, हा जुगार नाही हां!"

"मी खंय म्हटलंय जुगार?" मग आपल्या बाकावर जाऊन बसले आणि सरकून मला जागा केली. "गावाक आमी कवड्यांनी सोंगट्यो खेळायचो. तसलाच काय ता? दाखव बघू."

मला वाटलं होतं टोमणा मारतील. मारायला हवा होता. एकदा मारला असता तर बरं वाटलं असतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काकांना शिकवतेय. दुपारी खोली रिकामी असते तेव्हा.

समजावलं ते असं — चोवीस त्रिकोणी घरं. आपल्या पंधरा सोंगट्या, समोरच्याच्या पंधरा. आपण एका दिशेने जायचं, तो उलट. दोन फाशांचे आकडे वेगवेगळे चालायचे, एकाच सोंगटीने किंवा दोन सोंगट्यांनी. सगळ्या पंधरा आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग एकेक बाहेर काढायची. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. एका घरात दोन असल्या तर समोरचा तिथे येऊच शकत नाही. एकटी असली तर तो तिला मारतो, ती मधल्या पट्टीवर जाऊन बसते. आणि ती परत आत येईपर्यंत आपल्याला दुसरी कुठलीच सोंगटी हलवता येत नाही.

"म्हणजे एक भायर, तर सगळे थांबले?"

"हो."

"बरो नियम आसा," म्हणाले.

फोनवर सोंगटीला बोट लावलं की जाता येतील ती घरं उजळतात. काकांना ते पसंत नाही. "तो सांगतलो तर मग माझा काम काय?" प्रत्येक चालीला सेकंद मोजणाऱ्या घड्याळाचाही राग. "विचार करूक तरी येळ नको?" समोरचा तुर्कस्तानातला कोणीतरी होता. "तेका रामराम सांग." ॲपमध्ये ठरावीकच वाक्यं पाठवता येतात, म्हणून "छान खेळलात" पाठवलं. त्याचंही तेच आलं. काका एवढे हसले! मध्येच समोरच्याने विचारलं, डाव दुप्पट गुणांचा करायचा का? मी सांगितलं, नको असेल तर इथेच हार मानून सोडता येतं. "सोडूचो? अजून हात-पाय हलतत माझे!" दुप्पट घेतला आणि चक्क जिंकले.

खूप दिवसांनी मला लाज न वाटता खेळता आलं. कोणाला तरी शिकवतेय म्हटलं की सगळंच चांगलं दिसायला लागतं. हेही मला कळतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज काय केलं मी.

डाव रंगात होता, फोन काकांच्या हातात. पाच-पाच पडले. काका ओरडले, "घे! बडवलंय तेका!" आणि दारात प्रफुल्ल सावंत. कमिटीचे सेक्रेटरी. मागे अभ्यासाला आलेल्या दोघी मुली.

"वा काका! पत्ते गेले, आता फासे? आणि तेही अंबिकाच्या फोनवर? पोरीची परीक्षा तोंडावर आलीय, थोडी तरी लाज?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं — आता ही बोलेल, असं.

मी म्हटलं, "काकांनी फोन मागितला होता."

काकांनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा खिशात घातला आणि चपला घालून निघून गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाक्य खोटं नाही. त्यांनी फोन मागितलाच होता — "आण हंय, आता माझी पाळी." खोटं असतं तर निदान मला कबूल तरी करता आलं असतं. ते खरं आहे, म्हणून जास्त घाण वाटतं. किती पटकन सुचलं! उत्तरपत्रिकेत सुचत नाही इतक्या पटकन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फळ्यावर नोटीस लागली. "अभ्यासिका केवळ विद्यार्थ्यांसाठी." नाव कोणाचंच नाही. बाक उचलून गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवलाय, उभा करून. तिथे कोणाला बसता येत नाही.

आई म्हणाली, "बरं झालं. म्हातारा नादी लावत होता तुला." तिने मला एकदाही विचारलं नाही की झालं काय. लोअर परळला ऑफिसच्या पॅन्ट्रीत काम करते, तिथल्या साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे — सुंदराबाईंची पोरगी ग्रॅज्युएट आहे, घरातली पहिली. पहिल्या ग्रॅज्युएटला काही विचारत नाहीत. मी फोन घेऊन बसले की ती मिक्सरसुद्धा लावत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

धीर केला. प्रफुल्लदादांच्या घरी गेले.

"दादा, खेळ माझा आहे. मीच काकांना शिकवला. ऑगस्टपासून खेळतेय, अभ्यासिकेत बसून. हे बघा." फोन पुढे केला. जिंकलेले-हरलेले सगळे डाव, तारखांसकट.

त्यांनी नीट बघितलंही नाही. "अगं, फोन काय, कोणीही हाताळतो. तुझा स्वभाव माहीत नाही का मला? म्हाताऱ्याची दया आली तुला."

"दया नाही दादा! खरंच सांगतेय."

"बस, बस. चहा घे."

संध्याकाळी चाळीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज — "ज्यांनी चूक केली त्यांच्यासाठी आपली अंबिका स्वतःवर आळ घ्यायला तयार झाली. अशा मुली चाळीची शान आहेत." खाली हात जोडलेल्यांची रांग. आईने तो सगळीकडे पुढे पाठवला.

खरं बोलून मी अजून मोठी झाले! आता काय करायचं?

३० नोव्हेंबर, रविवार

पुलाखाली काका भेटले. मी म्हटलं, मी परत सांगते, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगते.

"नको गो बाय. तू जितक्यांदा बोलतंस, तितको मी वायट ठरतंय. काल न्हाव्यान पण माका ऐकवल्यान — पोरगी देवमाणूस आसा म्हणान."

"मग मी काय करू काका?"

"माका काय विचारतंस? मी काय ग्रॅज्युएट आसंय?"

टोमणा मारला शेवटी. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

आई परळला सरकारी हॉस्पिटलात बीपीच्या गोळ्या आणायला गेली होती. आल्या आल्या म्हणाली, "जयवंतभावोजींना काय झालंय गो? ओपीडीच्या बाकावर बसले होते. मी म्हटलं, नंबर कितवा? तर म्हणाले, नंबर नाही वहिनी, बसलोय. पंखा आहे, कोणी उठवत नाही."

मी भांडी घासत होते. पाठ फिरवूनच उभी राहिले.

"रोज येतात म्हणे. डबा तिथेच खातात. आजारी माणसांत बसून." गोळ्यांची पिशवी खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"नाही."

हे खरं होतं. पण आवाज कसा निघाला कोणास ठाऊक, ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

४ डिसेंबर, गुरुवार

आई शेजारी येऊन बसली. "तो खेळ दाखव मला. कसा असतो?"

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

डाव लावला. फासे पडले, मी चालले. परत पडले, परत चालले. समजावत होते — ही एकटी ठेवायची नाही, ही दोघी इथे — आणि बोलता बोलता विसरलेच की ती बघतेय. समोरचा चुकला. मी त्याची सोंगटी मारली आणि तोंडातून निघालं, "हा! आता बस तिथे!"

आईने फोनवर हात ठेवला.

"माझा भाऊ पत्त्यांत वाया गेला. पानं हातात आली की त्याची बोटं अशीच चालायची. जेवताना नाही, कामाला नाही. फक्त तेव्हाच."

मी हात मागे घेतला.

"भावोजींनी दोन-चार दिवसांत नादी लावलं असं मी समजत होते. हा हात दोन-चार दिवसांचा नाही गो."

"मी सांगितलं होतं आई. दादांना सांगितलं होतं सगळं."

"मला नाही सांगितलंस."

उठली, दिवा मालवला. दोघींपैकी कोणीच जेवलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

आई मला न सांगता कमिटीच्या मीटिंगला गेली. प्रफुल्लदादा सांगत होते — पण माझ्याकडे न बघता — काकी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझ्या मुलीने केलं. भावोजींनी नाही. तिची हुशारी मी तुम्हा सगळ्यांना सांगत फिरले, आता हेही मीच सांगते. बाक परत लावा.

बाक लागला. काका दुपारी येऊन बसले.

घरी आल्यावर आईने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "अभ्यास तरी खरा आहे ना गो? की तोही नुसताच?"

मी म्हटलं, "खरा आहे आई."

अगदी खरं बोलले. तिला ते खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही.