मिशीत अडकलेले शब्द

घरी, नदीकडची खोली
मंगळवार, १४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास दादाचा आशीर्वाद.

खडाक्-खट्, खडाक्-खट्. आज दुपारच्या डुलकीतून जागा झालो तो या आवाजाने. गिरणी बंद पडून किती काळ लोटला, माग भंगारात गेले, तरी माझ्या कानातला धोटा अजून इकडून तिकडे धावतोच आहे. क्षणभर वाटलं, आता भोंगा होईल, पाळी सुटेल, आणि तू आणि तुझी वहिनी पुलावरून येताना दिसाल. मग डोळे नीट उघडले. खिडकीबाहेर नदी, काठावर ती बिनधुराची चिमणी, आणि तिच्यावर बसलेली कबुतरं. बाकी काही नाही.

तू सुखरूप पोचला असशीलच. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा हवा बघून वागतो. तुझ्या वहिनीचे कान तू पाहिलेस तसेच, म्हणजे नाहीतच. मागांनी जे नेलं ते कुठला डॉक्टर परत आणणार?

गिरणीत गावाच्या इतिहासाचं दालन उघडलं त्या दिवशीचं तुझं भाषण अजून गाजतंय. न्हावी तुझ्याबद्दल बोलतो, दूधवाला बोलतो, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई तर रस्त्यात गाठून सांगतात, "तुमचे बंधू म्हणजे आपल्या गावाचा चालताबोलता इतिहास." मी हो म्हणतो. गाव सोडून गेलेला माणूस गावाचा इतिहास होतो आणि गावात राहिलेला माणूस इतिहासाचा थोरला भाऊ. चालायचंच.

फक्त काही तपशील कळवतो, पुन्हा कुठे बोलशील तर उपयोगी पडतील. मोठ्या पुरात बंधारा फुटला असं तू म्हणालास. फुटला नव्हता, एका अंगाला कलला होता. अजून तसाच आहे, येऊन बघ. गिरणीच्या आधी नदीवर पिठाची पाणचक्की होती हे खरं, पण ती पलीकडच्या काठावर. आपल्या काठावर नावाड्याची खोपटी आणि एक वाकडं झाड, एवढंच गाव होतं. तुझ्या भाषणात नावाडी आलाच नाही. ज्याने पहिल्या विणकरांना या काठाला उतरवलं, तोच तुझ्या होडीत बसायचा राहिला.

आणि गिरणीच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची गोष्ट. मालकाने ते मुद्दाम पुढे ठेवलं, म्हणून आपलं गाव अजून लग्नाला, मयताला, गाडीला, सगळीकडे आधी पोचतं आणि मग ताटकळत बसतं. यावर लोक हसून लोळले. धाकट्या, ती गोष्ट माझी. पुलाच्या कठड्यावर बसून मी ती तुला सांगितली होती, तेव्हा तुझे पाय कठड्यावरून खाली टेकतही नव्हते. माझं नाव घेतलं असतंस तर तुझी जीभ झिजली नसती.

माझ्या भाषणाबद्दल तू एवढंच म्हणालास, "छान झालं, दादा." पडलेल्या मुलाला "लागलं नाही ना" म्हणावं तसं म्हणालास. मी ते किती दिवस घोळवलं होतं. 'नदी वाकली गावाशी, जशी माय पाळण्याशी' अशी सुरुवात केली, आणि चालीवर म्हणून दाखवली. आपले गुरुजी म्हणायचे, कविता चालीवर म्हटली की बाकंसुद्धा ऐकतात. बाकांनी ऐकली असेल. पहिल्या रांगेत सगळ्या जुन्या विणकरणी, सगळ्यांचे कान तुझ्या वहिनीसारखे. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, जसं बंद दुकानाकडे पाहतात. एकीने जांभई दिली, ती शेजारणीने घेतली, आणि धोट्यासारखी ती रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

मग तू उठलास. घड्याळाचा विनोद वगैरे झाला आणि तू माईक बाजूला ठेवलास, आणि आवाज न काढता बोलायला लागलास. नुसते ओठ. मागच्या बाकांवरची पोरं चकित. मुख्याध्यापिकाबाईंना मीच समजावून सांगितलं की मागखात्यात इतका गोंगाट असे की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे; म्हणून विणकर प्रत्येक अक्षर तोंड मोठं करून नुसतं ओठांनी बोलत, आणि समोरचा ते डोळ्यांनी ऐके. या काठावरची बाई त्या काठावरच्या बाईशी संसाराच्या गप्पा मारी आणि मधून नदी गुपचूप वाहत असे. आपल्या गावात कुजबुज कधी नव्हतीच. ज्याला लपवायचं असेल तो तोंडावर हात धरी, आणि हात दिसला की सगळं गाव तिकडे बघे.

मी हे सांगत होतो आणि पहिली रांग फुलत चालली होती. म्हाताऱ्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या. माझ्या कवितेने जे झालं नाही ते तुझ्या नुसत्या ओठांनी झालं.

आणि मग तुझी वहिनी उभी राहिली आणि ओठांनीच तुला काहीतरी म्हणाली. बरंच म्हणाली. शेवटी रांगेतल्या सगळ्याजणी वळून माझ्याकडे बघून हसल्या, आणि तू हसायचा थांबलास. तू होकारार्थी मान डोलावलीस. संध्याकाळच्या गाडीने निघून गेलास. चहालासुद्धा थांबला नाहीस.

हे लिहायचं नव्हतं. बंधाऱ्याबद्दल लिहायला बसलो होतो.

तुला आठवतं का, आपण तिघं जेवायला बसायचो तेव्हा काय व्हायचं? तू माग दुरुस्त करणारा, ती विणकरीण, दोघांचं एकच खातं. मी मात्र तयार कापडाच्या गोदामात ताग्यांवर शिक्के मारणारा. गोदामात इतकी शांतता की शिक्क्याचा आवाजही कापड पिऊन टाकी. मला तुमची बोली कुठून येणार? माझ्या ताटावरून तुमचे शब्द जायचे, मला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागायची नाही. ती हसायची, तू हसायचास. मी विचारलं की म्हणायचात, "काही नाही, खात्यातलं." माझं लग्न झालं होतं, धाकट्या, आणि माझ्या बायकोची अर्धी बडबड माझ्या भावाच्या वाट्याला जात होती.

तू गाव सोडलंस त्या दिवशी गाडीच्या खिडकीतून तिला असंच काहीतरी म्हणालास. ती हसली आणि पदराने डोळे टिपले. गाडी गेली. मी विचारलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून गप्प राहिलो. पण तुझी पत्रं आली की आधी ती वाचायची, आणि माझ्या पोटात दुखायचं. अजून दुखतं. या वयात हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायला जास्त वाटेल.

काल भोंगाकाकूंना गाठलं. आठवतात ना, ज्यांचा आवाज भोंग्यालाही लाजवायचा त्या? त्यांना कागदावर लिहून विचारलं, आमची ही त्या दिवशी काय म्हणाली. भोंगाकाकूंनी कागद वाचला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि चक्क तोंडावर हात धरला. मग हाताआडून सबंध आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आपल्या घरातलं आपल्या घरात विचारा! आणि आधी ते झुडूप कापा!"

दिवा लावायची वेळ झाली. उरलेलं उद्या.

बुधवार, दुपार

झुडूप कापलं.

तुला ठाऊक आहे, मागखात्यात कुणी मिशी ठेवत नसे. मिशीत शब्द अडकतात म्हणायचे. गोदामातले आणि कचेरीतले आम्ही मात्र पीळ भरून फिरायचो; तीच आमची इज्जत. आज सकाळी न्हाव्याकडे गेलो. त्याने दोनदा विचारलं, "नक्की ना, दादा?" आणि मग काय, आरशात एक अनोळखी, पोपटासारखा म्हातारा माझ्याकडे बघत होता.

घरी आलो. ती खिडकीपाशी शिवण घेऊन बसली होती. तिने वर पाहिलं आणि सुई तशीच हातात राहिली. मी समोर बसलो आणि जसं तुम्हाला करताना पाहत आलो तसं, तोंड मोठं करून, आवाज न काढता विचारलं, "तू धाकट्याला काय म्हणालीस?"

ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तशा मोठ्या आवाजात, "पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं.

"अगंबाई," ती म्हणाली, "दिसलं."

आणि मग सांगितलं. ती तुला म्हणाली होती, "तुझा दादा दिवसभर बोलतो, कविता म्हणतो, आणि मला नुसती मिशी हलताना दिसते. भिंतीला ऐकवतो बिचारा. कुणीतरी ऐकणारं हवं त्याला. तू ये राहायला."

मग दुसरंही विचारून टाकलं. गाडीच्या खिडकीतून तो काय म्हणाला होता?

ती हसली. "म्हणाला, दादाला मिशी काढायला सांग. कान गेल्यावर काय करशील?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला शोभत होती," ती म्हणाली, आणि शिवणीत मान घातली.

धाकट्या, खरं सांगू? अजूनही पोटात थोडं दुखतंच. तिच्या कानांचं तुला एवढ्या आधी दिसलं, आणि मी ताटाच्या पलीकडे बसून फक्त तुमचं हसू मोजत राहिलो. तेव्हा कळवतो ते असं, की तू येऊ नकोस. म्हणजे यायला हरकत नाही, पण माझं ऐकायला म्हणून येऊ नकोस. ऐकणारं माणूस घरात आहे. मघाशी 'नदी वाकली गावाशी' तिला ओठांनी म्हणून दाखवली. कविता पाळण्यापर्यंत आली आणि ती म्हणाली, "नावाडी कुठाय?" बघ, तिलासुद्धा तो आठवला.

थांब. कुणीतरी पायरीवर पाय आपटतंय. आपल्या गावात कडी कुणी वाजवत नाही हे तू विसरला नसशील, ऐकणार कोण? पायरी हलली की आतल्याला कळतं. पण ही आपटण्याची तऱ्हा, एक जोरात आणि दोन हळू, मी फार वर्षांत अनुभवलेली नाही. तिला माझ्या आधी कळलं. शिवण टाकून ती उठली. दार उघडलं.

दारात सामानाची एक पेटी आहे, आणि पेटीमागे तू.

ती तुला ओठांनी काही म्हणते आहे, तू माझ्या तोंडाकडे बघून दार धरून हसतो आहेस. जुनं दुखणं उठू बघतंय तोच ती वळली, आणि तेच पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर मोठं करून, माझ्यासाठी म्हणाली. मला वाचता आलं. "दोघांनी मिळून नावाडी लिहा."

पत्र टपालात टाकायचं राहिलं. हातात देतो.

तुझा, आता तोंड दिसणारा,
दादा