उंदीर कोणी धरले

४ फेब्रुवारी
निरगुडीच्या अर्कानं उंदरांचं दुखणं कमी होतं, हा आमचा प्रबंध. आज कॉलेजच्या सेमिनारला नागपूरहून आलेल्या पाहुण्या मॅडमनी एकच विचारलं, अर्काचे उंदीर कोणी धरले आणि औषधाविना नुसत्या सलाइनचे कोणी? मी म्हटलं, दोघांनी मिळून. खोटं नाही. पण सलाइनचे माझी प्रबंधातली जोडीदार प्रणाली सकाळी करायची, कारण तिला साडेतीनची लाखांदूर गाडी गाठायची असते. अर्काचे मी, दुपारी. तीन महिने असंच. आमचे गाइड सर म्हणाले, छान उत्तर दिलंस.

५ फेब्रु.
पुरुषाच्या वासानं उंदीर घाबरतो. घाबरलेल्या उंदराला दुखणं कमी जाणवतं. बाईच्या वासानं तसं होत नाही. हे आज पहिल्यांदा वाचलं असतं तर बरं होतं. पहिल्या सेमिस्टरलाच वाचलेलं, माझी पेन्सिलीची खूणही सापडली. तेव्हा वाटलं, परदेशातल्या लोकांच्या घामाचं असेल. हॉटप्लेटवर उंदीर पाय चाटेपर्यंतचे सेकंद मोजायचे, आकडे झकास येत होते, कोण कशाला खोदतो.

६ फेब्रु.
प्र.ला सांगितलं. आधी हसत सुटली, मग म्हणाली, "प्रबंधावर माझं बी नाव आहे ना रे." युक्ती तिचीच: माझा न धुतलेला अ‍ॅप्रन सकाळी सलाइनच्या पिंजऱ्यांजवळ टांगायचा. मी खोलीबाहेर.

७ फेब्रु.
टांगला. प्र. आतून सेकंद सांगायची, मी दाराबाहेर लिहायचो. औषधाचा थेंब नाही पोटात, तरी अर्काच्या उंदरांइतकेच टिकले. मला घाबरत होते ते, आणि मी त्याला गुण म्हणत होतो. किती उंदीर मेले यात, आणि कशासाठी…

८ फेब्रु., शहापूर
रविवार, घरी. खरी भीती इथली. दिवाळीपासून बाबांनी डॉक्टरांच्या वाताच्या गोळ्या बंद केल्यात, रोज निरगुडीचा काढा. पोरानं मशीनवर सिद्ध केलं, असं राइस मिलवर सगळ्यांना सांगून झालंय. मी अडवलं नाही. छाती फुगली होती ना.
आज विचारलं, गुडघे कसे आहेत? उठून अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. "एकदम मस्त. तुह्या औषधानं."
नंतर आई मोरीपाशी हळूच म्हणाली, "तू घरी असला का चालून दाखवते. तू गेला का भिंतीले धरून जाते. सांगू नको म्हणून कसम देली मले."
बाबांची बोटं पाहिली. सुजलीत. डिसेंबरातही सुजलेली असणार. तेव्हा मी काय पाहत होतो?

९ फेब्रु.
सरांपुढे अ‍ॅप्रनचे आकडे ठेवले. बराच वेळ पाहिले त्यांनी. म्हणाले, सबमिशन पंधरा दिवसांवर. नव्यानं करायचं तर परवानगी नवी, उंदीर नवे, वर्ष गेलं समज. प्रणालीचंही जाईल, तिला विचारलंस?
नव्हतं विचारलं. तिला स्टँडवर गाठलं. गाडी लागली होती.
"मले काहून विचारून राहिला? तू ठरवूनच आला ना."
ठरवून नव्हतो आलो, पण हे सांगेपर्यंत ती चढली होती. सर शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणालेत.

११ फेब्रु., शहापूर
बाबांना सांगून टाकलं. काहीच सिद्ध झालेलं नाही, प्रयोग माझ्यामुळेच बिघडला, गोळ्या सुरू करू. लाज वाटत होती, खाली बघूनच बोललो.
"मंग तुही डिग्री?"
"पुढच्या वर्षी. बहुतेक."
म्हणाले, "मले तं फरक आहे, बापू. लिवून टाक तसं." बोलता बोलता दोन्ही हात शालीत घेतले.
उद्या सकाळी भंडाऱ्याला डॉक्टरांकडे जायचं ठरलंय. कबूल झाले एकदाचे. डॉक्टर विचारतील, कुठं दुखतं, किती दुखतं. तेव्हा मी आत बसायचं की बाहेर, एवढंच ठरत नाहीये.