तिसरी तपासणी नको

प्रति,
मा. विभागप्रमुख,
वृद्धसेवा विभाग, नगरपालिका कार्यालय,
युनोमोरी, अकिता प्रांत.

विषय : पत्नी कियो हिची घरी येऊन तिसऱ्यांदा तपासणी न करता मदतनीस बाई पूर्ववत मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ९ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार तोकुजी सुगावारा, वय ८६, रेल्वेतून निवृत्त सिग्नलमन. पत्नी कियो, वय ८३, हिने एकतीस वर्षे प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. सहा वर्षांपासून तिची स्मृती जात चालली आहे. तिला काळजीची तिसरी श्रेणी मंजूर होती. मदतनीस मित्सुएबाई रोज दुपारी येऊन तिला जेवू घालीत व आठवड्यातून दोनदा केंद्राची गाडी तिला अंघोळीसाठी नेत असे.

२. दि. १४ नोव्हेंबर रोजी श्रेणीच्या फेरतपासणीसाठी आपले कर्मचारी श्री. कुरामोची घरी आले. त्या सकाळी कियोने आपले केस आपण विंचरले. पाहुणे येणार हे तिला कसे उमगले, अर्जदारास ठाऊक नाही. ताठ बसून तिने नाव, जन्मतारीख, ऋतू सर्व बिनचूक सांगितले. "स्वयंपाक कोण करतं?" "मीच की!" "आणि अंघोळ?" "माझी मी करते. हे म्हातारे झालेत, यांनाच न्हाऊ घालावं लागतं!" यावर सगळे हसले. अर्जदारही हसला. "आजोबा, खरं ना?" असे श्री. कुरामोची यांनी विचारताच अर्जदाराने मान डोलावली.

३. मान का डोलावली, हे नमूद करणे भाग आहे. त्याआधीचे अकरा महिने ती अर्जदारास स्टेशनमास्तर समजून "मास्तर, माझी गाडी केव्हा?" एवढेच विचारीत होती. त्या दिवशी ती म्हणाली, "अहो, साहेबांना बसायला उशी द्या ना." ते ऐकल्यावर तिला खोटे पाडणे अर्जदारास जमले नाही. श्री. कुरामोची फाटकाबाहेर पडले, तेव्हा ती पुन्हा गाडीची चौकशी करू लागली होती.

४. डॉक्टरांचा दाखला जोडलेला असूनही "पती सहमत" या शेऱ्यावरून श्रेणी तीनवरून एकवर उतरवण्यात आली. मित्सुएबाई फक्त सोमवारी येऊ लागल्या. केंद्राची अंघोळ बंद झाली. दि. ६ जानेवारीस अर्जदार तिला स्वतः न्हाऊ घालीत असता दोघेही पडले. अर्जदाराचे उजवे मनगट मोडले, म्हणून हे अक्षर डाव्या हाताचे आहे. शेजारी छपरावरचा बर्फ काढायला येईपर्यंत ती ओल्या अंगाने फरशीवर होती. "मास्तर, खिडकी लावा हो," एवढेच म्हणत होती.

५. अर्जदाराच्या विनंतीवरून दि. २५ जानेवारीस दुसरी तपासणी झाली. कियो उठून आत गेली आणि तबकात चहाचे पेले घेऊन आली. पेल्यांत नळाचे गार पाणी होते. श्री. कुरामोची यांनी ते शेवटपर्यंत पिऊन "छान झालाय हं, आजी," असे म्हटले व कागदावर "पाहुण्यांस चहा करून देते" असे लिहिले. त्यांना दोष नाही. अर्जदारानेही तेच केले असते. परंतु कागदावरचे ते वाक्य पाहून अर्जदारास राहवले नाही. तिच्यासमोरच तो ओरडला, "साहेब, ते पाणी आहे पाणी! तिला गॅस लावता येत नाही. रोज अंथरूण भिजवते. मी कोण, तेही तिला माहीत नाही!"

कियोने आपल्या पेल्यात वाकून पाहिले. मग श्री. कुरामोची यांच्यासमोर चटईला कपाळ टेकून ती म्हणाली, "चुकलं माझं. शाळेतल्या मुलांना सांगू नका."

६. त्या दिवसापासून ती अर्जदाराच्या हातून जेवत नाही. चमचा पुढे केला की भिंतीकडे तोंड फिरवते. जवळ ठेवून दिले तर दोन घास पोटात जातात, तेवढेच. अर्जदार कोण हे ती विसरली आहे. या माणसाने आपल्याला चारचौघांत खाली पाहायला लावले, हे मात्र विसरलेली नाही. सोमवारी मित्सुएबाईंच्या हातची पेज ती वाटीभर खाते. अर्जदाराने दाराआडून पाहिले आहे. जानेवारीत तिचे वजन एकेचाळीस किलो होते. आज छत्तीस आहे.

७. आपल्या पत्रात, कागदावरील शेरा व पतीचे म्हणणे जुळत नाही म्हणून, तिसरी तपासणी दि. २८ रोजी ठेवली असून "पतीने पत्नीच्या समक्ष वस्तुस्थिती सांगावी" असे कळविले आहे. हे अर्जदाराकडून होणार नाही. तिने एकदा परीक्षा दिली, दुसऱ्यांदा दिली, आणि दुसऱ्यांदा अर्जदाराने तिला नापास केले. आता पुन्हा ती केस विंचरून बसेल. ते अर्जदारास पाहवणार नाही. आपण म्हणाल त्या दिवशी अर्जदार कार्यालयात येऊन सर्व सांगेल, सही देईल. डॉक्टरांनाही विचारावे. घरी मात्र कोणी येऊ नये.

८. निर्णय होईपर्यंत मित्सुएबाईंना निदान दुपारच्या जेवणापुरते रोज पाठवावे, ही विनंती. त्या आत असतील तेवढा वेळ अर्जदार घराबाहेर थांबेल. थंडीची अडचण नाही. ती जेवली की नाही, एवढेच बाईंनी जाताना सांगावे.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
तोकुजी सुगावारा
दि. १९ फेब्रुवारी २०२४

सोबत : १) कियो हिच्याबाबत डॉक्टरांचा दाखला. २) तिच्या वजनाची नोंद, मित्सुएबाईंच्या सहीनिशी.