बदामाच्या सत्तीतलं भोक

मिडलबर्ग, ऑक्टोबर १६०८

प्रिय टानेके,

बाळाचा खोकला थांबला का? आधी चार ओळी विचारपूस करून मग मुद्द्यावर यायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. काल शिपायांनी मारिनसकाकांना नेलं. वीस वर्षं आमच्या दुकानात चष्म्याची भिंगं घासणारा माणूस! तू आलीस की, "काय गं, हार्लेमला मासळी मिळत नाही वाटतं, इथं येऊन ताव मारतेस?" म्हणून तुला चिडवायचे. उद्या सकाळी त्यांची चौकशी आहे. आरोप शाबीत झाला तर शहराबाहेर हाकलतील. ऐन थंडीच्या तोंडावर त्या म्हाताऱ्याला कोण दारात उभं करणार?

झालं असं. लांबचं जवळ दाखवणारी आमची नळी तुझ्या मेहुण्याने, लीव्हनने, हेगला दरबारात नेली. ती बनवायचा हक्क फक्त आम्हाला द्या, असा अर्ज केला. दरबारातली मंडळी खूश होती. आणि मग कळलं, दुसऱ्या कुणाचा तरी तसाच अर्ज आलाय. दोन भिंगं काय, कुणीही जोडेल. पण त्याच्याही नळीच्या तोंडावर भोक पाडलेला खेळातला पत्ता चिकटवलेला! लीव्हन घरी आला तो पिसाळलेलाच. "भिंगाच्या कडा झाकायच्या, हे मला नि मारिनसला सोडून कुणाला माहीत होतं? घरचाच भेदी!" म्हणत त्याने मारिनसकाकांविरुद्ध फिर्याद ठोकली. मी तिथंच पाव कापत उभी होते. माझं नाव त्याच्या मनातही आलं नाही.

उन्हाळ्यात नळीतून सगळं धुरकट दिसायचं, तेव्हा तो वैतागून भिंगं आपटायचा. भिंग मधेच चांगलं घासलं जातं, कडेला बिघडतं, हे ती पुसून पुसून मलाही कळलं होतं. मी बदामाची सत्ती घेतली, मधे वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि नळीवर लावली. चर्चच्या मनोऱ्यावरचा कोंबडा लख्ख दिसला. लीव्हनने मला उचलून गरागरा फिरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून "मला सुचलं" म्हणून गावभर सांगत सुटला. मी आतून जळत राहिले.

म्हणून जत्रेला तू आलीस तेव्हा तुला माडीवर नेऊन सगळं दाखवलं. निदान एका माणसाला तरी कळावं, एवढीच हाव. तुझा योस्तही चष्मेवालाच, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. टानेके, तो दुसरा अर्ज हार्लेमचा आहे. नाव इथं अजून कुणाला ठाऊक नाही, पण मला ते ऐकायची गरज नाही. तू सहज बोलून गेली असशील. जीभ आधी माझीच सैल सुटली. उद्या चौकशीत मी उभी राहून हे सांगणार आहे. कुणाला दाखवलंस म्हणून विचारतील, तेव्हा तुझं नाव घ्यावं लागेल. त्यानंतर लीव्हन मला घरात ठेवील का, हीच भीती आहे. "नको ना गं ताई" असं तू म्हणालीस तर माझा धीर सुटेल, म्हणून हे पत्र मी चौकशी संपल्यावरच नावाड्याच्या हाती देणार आहे.

भेदरलेली, तरीही तुझीच,
याकोमिनाताई